बडोदा स्क्वाड्रनचं स्पिटफायर, १/४८: रेझिन झकास, पुस्तिका कच्ची

बडोद्याच्या दांडिया बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की मॉडेलच्या सामानाचं एक खोलीएवढं दुकान लागतं. तिथे सध्या एक संच मिळतो: रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ (बडोदा) स्क्वाड्रनचं, म्हणजे तुकडीचं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान स्पिटफायर मार्क सहा (मार्क म्हणजे आवृत्ती), १/४८ मापात, ३,४०० रुपयांना. दुकानाचे काका तो स्वतः जुळवतात. प्लॅस्टिक परदेशी कंपनीच्या मार्क पाचचं, त्यावर चढवायचे रेझिनचे भाग बडोद्यातच ओतलेले, डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं-चिन्हं) बडोद्यातच छापलेली, आणि सोबत बारा पानांची मराठी पुस्तिका. आम्ही तीन संच बांधले, त्यामुळे एखाद्याच डब्यातली खोट कुठली आणि सगळ्याच डब्यांतली कुठली हे वेगळं करता आलं.

आधी निकाल. रेझिन झकास आहे. डिकॅल निम्मी वापरण्याजोगी. कृतिपत्रिकेतली एक खूण साफ चुकीची आहे आणि त्या खुणेवर करवत चालवली की परतीचा रस्ता सोपा नाही. पुस्तिका नव्याने लिहायला हवी. एवढं असूनही घ्या म्हणू, कारण मार्क सहा निवडून काकांनी नेमकी नस पकडली आहे.

ती कशी ते सांगतो. १२४ स्क्वाड्रनने मार्क एक, दोन, पाच, सहा, सात आणि नऊ अशी स्पिटफायरची बरीचशी वंशावळ उडवली. मार्क पाच आणि नऊ ही मॉडेलं मात्र कुणाच्याही नावाने चालतात, कितीतरी स्क्वाड्रन त्यांवर होत्या. मार्क सहा बनली शंभरच्या आसपास, आणि पूर्ण स्क्वाड्रन म्हणून ती नियमित वापरणाऱ्या मुख्यतः दोनच, ६१६ आणि १२४. म्हणजे लांब टोकदार पंखांचं, चार पात्यांचं स्पिटफायर शोकेसमध्ये दिसलं की ते बडोद्याचं असण्याची शक्यता जवळपास निम्मी. आणखी एक कारण म्हणजे मार्क सहा आज जगात कुठल्याही संग्रहालयात उभं नाही. मार्क सातपैकी एक, ईएन ४७४, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे आहे. सहा पाहायचं तर फोटोत, नाहीतर मॉडेलमध्ये.

पुस्तिकेचं बांधणीपूर्वीच उरकून घेऊ, कारण तिच्यातल्या चुका पुढे डिकॅलमध्ये उतरल्या आहेत.

तिसऱ्या पानावर 'बडोद्याचे शूर वैमानिक' असा मथळा आहे. 'बडोदा' हे नाव देणगीचं आहे, माणसांच्या गावाचं नाही. सयाजीराव महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत गेले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. युद्धात बडोदा संस्थानाने विमानांसाठी पैसा दिला आणि त्याची पावती म्हणून स्क्वाड्रनच्या क्रमांकापुढे कंसात नाव लागलं. त्या काळी एका स्पिटफायरची देणगीसाठी ठरवलेली किंमत ५,००० पौंड होती. प्रत्यक्ष खर्च याहून बराच जास्त, पण एवढे भरले की विमान तुमच्या नावे. हैदराबादच्या नावाने १५२ आणि २५३ होत्या, म्हैसूरच्या नावाने १२९, मुंबईच्या नावाने १३२. कॉकपिटमध्ये बसणारे कुठूनही आलेले असत. बडोद्याचा अभिमान बाळगायचा तर तो खजिन्याचा बाळगा, पुस्तिकेने नसलेले वैमानिक जन्माला घालू नयेत.

चौथ्या पानावर 'स्थापना १९१८, विसर्जन १९४६' असं एका ओळीत लिहून मधली सगळी वर्षं भरून टाकली आहेत. खरं असं की १ मार्च १९१८ ला ओल्ड सारमला हा क्रमांक पहिल्यांदा वापरला गेला आणि ऑगस्टमध्ये, आघाडीवर न जाताच, मोडीत निघाला. मग जवळपास तेवीस वर्षं काहीही नाही. १० मे १९४१ ला स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला कासलटाउन इथे स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली, मार्क एक स्पिटफायर घेऊन. काम होतं स्कापा फ्लो इथल्या आरमारी तळाच्या आसपासची गस्त. ही तारीख लक्षात ठेवली की पाचव्या पानावरची चूक आपोआप पकडता येते. तिथे स्क्वाड्रनला 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये लढवलं आहे. ती लढाई ३१ ऑक्टोबर १९४० ला संपली असं धरतात. तेव्हा १२४ अस्तित्वातच नव्हती.

सातव्या पानावर सर्वांत उंचावरच्या हवाई चकमकीचं श्रेयही १२४ ला देऊन टाकलंय. १२ सप्टेंबर १९४२ ची ती चकमक, साउदम्प्टनजवळ, युंकर्स ८६ आर या अतिउंचावरून उडणाऱ्या जर्मन विमानाविरुद्ध. ती लढला इमॅन्युएल गॅलिट्झीन, नॉर्थोल्टच्या खास तुकडीतून, आणि तेही वजन उतरवून हलक्या केलेल्या मार्क नऊमध्ये. मार्क सहा बनवलं होतं याच युंकर्सना गाठण्यासाठी, पण मर्लिन ४७ इंजिनाचा दम त्या उंचीवर पुरत नव्हता, हीच तर या विमानाची गोष्ट आहे. दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं, म्हणजे हवा दोनदा दाबून आत घेणारं, इंजिन आलं आणि साधं मार्क नऊ याच्या डोक्यावरून गेलं. पुस्तिकेने हे सांगितलं असतं तर विमान हातात धरणाऱ्याला त्याचे लांब पंख आणि जादाचं पातं कशासाठी, हे कळलं असतं.

आणि जे लिहायलाच हवं होतं ते पुस्तिकेत नाहीच. नोव्हेंबर १९४१ मध्ये स्क्वाड्रन लंडनजवळच्या बिगिन हिलला आली, तिथून उत्तर फ्रान्सवर रोजच्या धाडी सुरू झाल्या. १२ फेब्रुवारी १९४२ ला शार्नहोर्स्ट, नायझेनाउ आणि प्रिंझ ऑयगेन ही जर्मन जहाजं भरदिवसा इंग्लिश खाडीतून निघाली. आरमाराच्या ८२५ स्क्वाड्रनची सहा जुनाट स्वोर्डफिश विमानं मॅन्स्टनहून टॉर्पेडो घेऊन गेली. बिगिन हिल आणि हॉर्नचर्चकडच्या, १२४ धरून, पाच स्क्वाड्रननी त्यांना पांघरूण द्यायचं ठरलं होतं. ठरल्या वेळी पोचली फक्त ७२ स्क्वाड्रनची दहा स्पिटफायर. सहाच्या सहा स्वोर्डफिश पडली, अठरापैकी तेरा माणसं गेली, तुकडीचा प्रमुख एझमंड याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवसाबद्दल एक पान नको? विजयाच्या पानांना जागा मिळते, घोळाच्या पानांना नाही, हा आपल्याकडच्या स्मरणिकांचा जुना रोग आहे.

पुढचं पुस्तिकेत बरं जमलंय: जुलै १९४२ पासून मार्क सहा, १९ ऑगस्टची दिएपची लढाई, मार्च १९४३ पासून मार्क सात, १९४४ च्या उन्हाळ्यात मार्क नऊ, १९४५ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या व्ही-२ रॉकेटच्या जागांवर बॉम्बफेक, आणि शेवटी मीटिऑर मार्क तीन ही जेट विमानं. 'संकट हीच आमची संधी' या अर्थाचं ब्रीद आणि चिन्हात मुंगूस. शेवट मात्र पुन्हा ढोबळ. १ एप्रिल १९४६ ला बेंटवॉटर्सला स्क्वाड्रन 'बरखास्त' झाली म्हणजे माणसांनी सामान बांधून घर गाठलं असं नव्हे. तिचा क्रमांक बदलून ५६ केला. मीटिऑर तीच, धावपट्टी तीच, कागदावरून १२४ गेली आणि तिच्यासोबत कंसातलं 'बडोदा'ही गेलं.

आता डबा.

आत राखाडी प्लॅस्टिकच्या चार फ्रेम, पारदर्शक भागांची एक, आणि छोट्या पिशवीत रेझिनचे नऊ भाग: पंखांची दोन टोकं, स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी), चार पाती, उजव्या बाजूच्या कंप्रेसरचं हवा घेणारं तोंड आणि कॉकपिटमागची भिंत. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, वेगळी, व्हॅक्यूमने ओढलेली. रेझिनला साच्याचं तेल असतं, त्यामुळे विमच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. हे टाळलं तर प्रायमर पापुद्र्यासारखा सोलतो. घासकाम ओल्या वॉटर पेपरवरच करा, तोंडाला मास्क लावून. ही भुकटी फुप्फुसांना चांगली नाही.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक पंखात आहे. मार्क पाचचा विस्तार ३६ फूट १० इंच, मार्क सहाचा ४० फूट २ इंच. १/४८ मध्ये अनुक्रमे २३४ आणि २५५ मिमी. म्हणजे एका बाजूला साडेदहा मिमी वाढायला हवेत. कृतिपत्रिकेतल्या खुणेवर कापून रेझिनची टोकं लावली तर एकूण माप भरतं २५२. तिन्ही संचांत तेच. दोष ओतकामात नाही. टोकाची मुळाशी रुंदी आणि पंखाची रुंदी एकमेकींशी जुळतात ती प्लॅस्टिकवरच्या कोरलेल्या सांध्यावर, जिथून खऱ्या विमानाचंही टोक सुटायचं. चित्रातली खूण त्याच्या दीड मिमी आत आहे. तेव्हा चित्र विसरा, कोरलेल्या रेघेवर पट्टी चिकटवून बारीक दात्यांच्या करवतीने कापा. चुकून आत कापलंच असेल तर दीड मिमी जाडीची प्लॅस्टिकची पट्टी मध्ये घालून घासता येते, पण मग पुढच्या कडेला हलका पोक राहतो आणि तो रंगाखाली अधिकच उठून दिसतो.

टोकं चिकटवताना पंख टेबलावर सपाट ठेवू नका. स्पिटफायरचा पंख मुळापासून सहा अंश वर जातो आणि टोकाने तीच रेघ पुढे न्यायची असते. सपाट ठेवून चिकटवलं की टोक झुकल्यासारखं दिसतं, समोरून पाहिलं की विमान खांदे पाडून बसलंय असं वाटतं. जाड पुठ्ठ्याचा सहा अंशांचा त्रिकोण कापून दोन्ही बाजूंना टेकू द्या. रेझिनला प्लॅस्टिकचं सिमेंट धरत नाही, सायनोअॅक्रिलेटच लागतं, म्हणजे आपलं फेविक्विक. आधी सांध्यात ०.५ मिमीच्या पितळी तारेच्या दोन खुंट्या बसवा. नुसत्या गोंदावर सोडलेलं टोक उचलताना हातात येतं. फट राहिली तर एम-सील बारीक वळी करून भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा, रात्रभर ठेवा. एखादं टोक वाकडं निघालं (एका संचात होतं) तर कढत पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट धरून फरशीवर दाबून थंड करा.

दुसरा मुद्दा दाराचा, आणि इथेच मार्क पाच आणि सहा यांतला खरा फरक बोटाखाली येतो. मार्क सहाचा कॉकपिट हवाबंद होता. पुढे-मागे दाब धरणाऱ्या भिंती, केबल जाण्याच्या भोकांना रबरी बूच, आणि इंजिनाच्या उजव्या बाजूला मार्शलचा कंप्रेसर. त्याने बाहेरच्यापेक्षा २ पौंड प्रति चौरस इंच जादा दाब आत राहायचा, म्हणजे वैमानिकाला आपण नऊ-दहा हजार फूट खाली आहोत असं वाटे. ऑक्सिजनचा मास्क तरीही लागेच. मग डाव्या बाजूचं ते खाली पडणारं छोटं दार ठेवणार कसं? ठेवलंच नाही. म्हणून प्लॅस्टिकवर कोरलेली दाराची चौकट आतून पट्टी लावून, बाहेरून पुटी भरून पूर्ण बुजवायची. कृतिपत्रिका हे सांगते, आणि पुढच्याच पायरीत दाराच्या आतल्या बाजूला लाल पहार चिकटवायला सांगते! ती मार्क पाचच्या मूळ पत्रिकेतून तशीच राहिलीय. दारच नाही तिथे पहार लावता कुठे?

कॅनपीही तशीच. ती मागे सरकत नसे. वैमानिक बसला की जमिनीवरचे लोक वरून ठेवून चार खिट्ट्यांनी बंद करत. प्रसंगी उडवून देता येई, पण उघडून हवा घेता येत नसे. खालच्या उंचीवर आत उकडायचं, वैमानिकांना ही कॅनपी अजिबात आवडत नसे. मॉडेलकाराने यातून एवढंच घ्यायचं: कॅनपी एकतर बंद दाखवा, नाहीतर काढून शेजारी ठेवलेली. अर्धी मागे सरकवलेली कॅनपी हे मार्क सहाचं सर्वांत जास्त दिसणारं चुकीचं मॉडेल. मागच्या पाठीवर कॅनपीचे रूळ कोरलेले आहेत, तेही घासून टाका. कॅनपी फेविक्विकने चिकटवू नका. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरं धुकं धरते, आणि ते आतून धरलं की पुसता येत नाही. पांढरं फेविकॉल, टूथपिकच्या टोकाएवढं, पुरतं. व्हॅक्यूमची कॅनपी कापताना आत एम-सील किंवा माती दाबून भरा. रिकामी कापली की चिरते. डब्यात एकच दिली आहे, जादा देत नाहीत, हे आम्हाला पटलं नाही.

पंखा: चार पाती, रोटोल कंपनीची, खरा व्यास १० फूट ९ इंच, मॉडेलमध्ये ६८ मिमी. म्हणजे मधोमधपासून पात्याच्या टोकापर्यंत ३४. संचातलं माप बरोबर भरतं. दिशा तपासा. मर्लिन मागून, म्हणजे कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. समोरून पाहताना वरच्या पात्याची जाड कड तुमच्या डावीकडे यायला हवी. स्पिनरच्या खाचा गोल आहेत, त्यामुळे पातं कुठल्याही कोनात बसतं आणि एक उलटं बसलं तरी लक्षात येत नाही. कागदावर काटकोनात दोन रेघा मारा, मधे स्पिनर उभा करा, एक पातं पक्कं झालं की दुसरं.

पंखाखाली डावीकडे गोल नळीसारखा ऑइल कूलर आणि उजवीकडे चौकोनी रेडिएटर, असं विषम जोडपं मार्क सहालाही तसंच राहतं. दोन्हीकडे सारखे रेडिएटर मार्क सातपासून. मूळ फ्रेममध्ये दोन्ही प्रकारचे भाग आहेत, आणि पत्रिकेतलं चित्र इतकं बारीक आहे की चुकीचा उचलला जातो. उजव्या बाजूला धुराड्यांच्या खाली कंप्रेसरचं लांबट तोंड लावायला विसरू नका, मार्क सहाची ती सहीच आहे. रेझिनमध्ये ते सुरेख उतरलंय, कड कागदासारखी पातळ. ओतकाम करणाऱ्याचा हात बसलेला आहे.

डिकॅलकडे येऊ. ओएन ही १२४ ची अक्षरं, आणि संचात दिलेलं विमान ओएन-एच, बीआर ५७९, हे फोटोंतून ओळखीचं आहे. निवड योग्य. अक्षरांची उंची २४ इंच, म्हणजे १२.७ मिमी. छापलेली १२.५. उत्तम. शेपटीजवळचा पट्टा १८ इंच, ९.५ मिमी, तोही ठीक, पण तो रंगवलेलाच चांगला. गडबड रंगात आहे. अक्षरं फिकट हिरवट अशा 'स्काय' रंगाची, पण पारदर्शक फिल्मवर खाली पांढरा थर न देता छापली आहेत. गडद हिरव्या कॅमोफ्लाजवर ती शेवाळल्यासारखी दिसतात. आम्ही शेवटी छापील अक्षरं मास्किंग टेपवर ठेवून कापली आणि साचा करून स्कायने फवारली. लाल रंग कुंकवासारखा भडक आहे, हवा विटकरी.

त्याहून मोठी चूक शेपटीवरच्या पट्ट्यांची. हवाई दलाची ओळखीची रंगीत वर्तुळं १९४२ च्या मध्यानंतरची, सी-१ प्रकारची दिली आहेत आणि ती मापात अचूक आहेत: पिवळं बाहेरचं वर्तुळ १९ मिमी, निळं १६.९, पांढरं ८.५, लाल ६.३५. पण शेपटीला मात्र तीन सारख्या रुंदीचे पट्टे, जे जुने. नव्या पद्धतीत लाल ११ इंच, पांढरा फक्त २, निळा ११. मॉडेलवर ५.८, १.१, ५.८ मिमी. मार्क सहा जुलै १९४२ मध्ये स्क्वाड्रनकडे आलं, त्यामुळे जुने पट्टे त्यावर बसतच नाहीत. मधला पांढरा अरुंद करायचा तर लाल आणि निळ्याची डिकॅल पट्टी वरून लावून भागतं.

डिकॅल पाण्यात टाकण्यापूर्वी क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन हलके थर द्या. न देता टाकलेल्या पानाची शाई दोन मिनिटांत पाण्यात उतरली. डिकॅल बसवण्याचा जोरकस सेटिंग द्रव वापरला की फिल्म आक्रसते. साधं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

पानावर दोन हौशी गोष्टी आहेत: मुंगसाचं चिन्ह आणि देवनागरीत पिवळं 'बडोदा'. देणगीच्या विमानांवर नावं लिहीत, पण रोमन अक्षरांत, बारीक. देवनागरीतलं नाव विमानावर लावलं तर ते काकांचं विमान होईल, १२४ चं नाही. मुंगूसही फोटोत स्वतः पाहिल्याशिवाय अंगावर चढवू नका. दोन्ही लाकडी स्टँडच्या पाटीवर लावा, तिथे देखणी दिसतात.

रंगाचं सोपं आहे. वरून गडद हिरवा आणि ओशन ग्रे, खाली मीडियम सी ग्रे, स्पिनर आणि पट्टा स्काय, पंखाच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात पिवळा. टामिया कंपनीच्या रंगक्रमांकांत एक्सएफ-८१, ८२, ८३ आणि २१, दहा मिलिलिटरची एकेक बाटली पुरून उरते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचं तपकिरी-हिरवं विमान कासलटाउनच्या पहिल्या महिन्यांचं, मार्क एकचं म्हणून ठीक. ऑगस्ट १९४१ नंतर तपकिरी गेला. मुखपृष्ठ पाहून मार्क सहा रंगवू नका. मार्क सहाला सातसारखा वर राखाडी, खाली निळा असा उंचीवरचा रंगही देऊ नका, ओएन-एच साध्या दिवसाच्या रंगात आहे.

पातळ करताना रंग आणि थिनर सम प्रमाणात, दाब १५ पौंडांच्या आसपास. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, रंग नळीच्या तोंडाशीच सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पाच मिलिलिटरला दोन-तीन थेंब रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारा द्रव) घाला किंवा सरळ पहाटे फवारा. पावसाळ्यात उलटं: मॅट वार्निश हवेतला दमटपणा ओढून पांढुरकं होतं. मुसळधार दिवशी शेवटचा थर देऊच नका. आणि गच्चीवर फवारणाऱ्यांनी उत्तरायणाचे दोन दिवस सोडावेत. ओल्या पंखावर मांजा पडला तर तो उचलताना रंगासह उचलतो.

दुकानाबद्दल. एक ते चार बंद असतं, फोन उचलत नाहीत, चारनंतर जा. एका संचात पातं तुटलेलं निघालं, ते डबा उघडलेला असूनही मुकाट्याने बदलून दिलं. कुरिअरने मागवणार असाल तर रेझिनची पिशवी वेगळ्या डबीत घालायला सांगा. पुण्याला गेलेल्या संचात ती मोकळी होती आणि टोकाची मागची धार पोचेपर्यंत उडाली होती. शेपटीच्या पट्ट्यांची चूक काकांना मापासह दाखवली. त्यांनी पट्टी काढून स्वतः मोजलं आणि नवं पान छापायला टाकलं. जुना डबा घेतलेल्यांनी डिकॅलचं पान नेऊन दाखवायचं, नवं फुकट देतो म्हणाले. पंखावर कापायच्या खुणेची पत्रिका मात्र अजून जुनीच डब्यात आहे, तेव्हा करवत उचलण्यापूर्वी विस्तार २५५ भरतो का ते टोक नुसतं टेकवून मोजा.